दहा दिवसांच्या गोळ्या

दमयंतीला महिनाभरात तिसऱ्यांदा खोटं बोलायचं होतं आणि नवं खोटं काही केल्या सुचत नव्हतं. पहिल्या खेपेला आधार कार्डाचं काम निघालं होतं, दुसऱ्या खेपेला प्रांजलच्या कॉलेजात सही करायची होती. आता काय सांगावं? पनवेलच्या मासळी बाजारात शेजारणीला फसवणं सोपं नसतं, आणि कुमुदला तर नाहीच. वीस वर्षं दोघींच्या पाट्या शेजारी शेजारी. कुमुदला स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसे, पण दमयंती गेल्या महिन्यात कुठल्या वारी कुठलं लुगडं नेसून आली होती ते ती घडाघडा सांगायची.

"दात दुखतोय," दमयंती म्हणाली. "डाक्टरला दाखवून येते. माजी कोलंबी इकशील?"

"दात?" कुमुदने आपल्या बोय मासळीवर पाणी शिंपडलं. "सकाली तर भाकर खाल्लीस कराकरा."

"तवाच दुखाया लागला."

"दर दहा दिसांनी तुला कायतरी व्हतं गो. खरं सांग, कोन हाय? विचुंब्याचा हाय का खांदा कॉलनीचा?"

आजूबाजूच्या चारपाचजणी खदखदून हसल्या. दमयंतीही हसली, आणि हसताना तिला खरोखर बरं वाटलं. विधवा बाई कुणाला तरी भेटायला जाते म्हटल्यावर गावात आठ दिवस कुजबुज होते नि मग लोकांना दुसरं काही सापडतं. खरं कळलं तर तिच्या हातची कोलंबी पुन्हा कुणी घेणार नव्हतं. मासळीवालीचा धंदा तिच्या हातावर चालतो. गिऱ्हाईक आधी हात बघतं, मग मासा.

आधी असं नव्हतं. आधी सरकारी दवाखान्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या. तीन महिन्यांना एक खोटं पुरायचं. दिवाळीनंतर खिडकीतल्या माणसाने सांगितलं, वरून मालच येत नाही, आता दहा-दहा दिवसांच्याच. तेव्हापासून दर दहा दिवसांनी रिक्षा, बस, दुसरा मजला, रांग, आणि बुडालेली अर्धी सकाळ.

त्या दिवशी रांगेत तिच्यापुढे बाराजण होते. पुढे एकच उरला आणि जिन्यातून काशिराम वर आला. गावातला टेम्पोवाला काशिराम, आपल्या आईला एक्सरेला घेऊन आलेला. दमयंतीने पदर ओढून तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर लहान मुलांच्या लसींचा तक्ता होता, तो ती वरपासून खालपर्यंत वाचत राहिली. पाठीमागून काशिरामची आई म्हणत होती, "हळू रं, हळू." आणि तेवढ्यात खिडकीतून खणखणीत आवाज आला.

"दमयंती गणू कोळी!"

ती हलली नाही.

"दमयंती गणू कोळी! अहो, आहे का कोणी?"

तिसऱ्यांदा नाव पुकारलं तेव्हा ती तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. काशिरामने ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण वळून बघायची छाती नव्हती. तो एक्सरेच्या खोलीत शिरला तशी ती खिडकीकडे वळली. पण तोवर तिचा नंबर गेला होता. मग सगळ्यात शेवटी, दीड वाजता, खिडकीतल्या माणसाने दहा गोळ्या मोजून पुडीत बांधून दिल्या आणि वर चार शब्दही ऐकवले.

"तीनदा ओरडलो मी. कान फुटलेत काय तुमचे?"

"पुढच्या वेळी जास्त भेटतील का साहेब?"

"पुढच्या वेळी पाच मिळाल्या तरी नशीब समजा."

खाली फाटकाशी सिप्पोराबाई उभ्या होत्या. सिप्पोराबाई पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली ज्यू घरातल्या. तीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात घालवली. मुलगा अवीव केव्हाच इस्रायलला गेला, बाई मात्र हलल्या नाहीत. नऊ वर्षांपूर्वी दमयंतीचा रिपोर्ट त्यांनीच तिच्या हातात दिला होता आणि ती रडायची थांबेपर्यंत आपला डबा न उघडता शेजारी बसून राहिल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या या आजाराच्या माणसांच्या संघटनेचं काम करत. रांगेतल्या एकेकाला गाठून हिशेब घेत, किती गोळ्या मिळाल्या, कोणाच्या बुडाल्या.

"दमयंती, इलेक्शन आलंय जिल्हा परिषदेचं," त्या चहाच्या टपरीवर म्हणाल्या. "कुणी रस्ता मागतंय, कुणी गटार मागतंय. आपण गोळ्या मागायच्या."

"आमाला कोन देनार बाई?"

"ऐक तर. गोळ्या आणणं झेडपीच्या हातात नाही, ते वरचं काम. पण तुमच्या गावाजवळचं आरोग्य केंद्र झेडपीचं आहे ना? तिथे एक कपाट, एक नर्स, आणि तीन महिन्यांचा साठा ठेवावा म्हणून वर लेखी मागणी, एवढं निवडून आलेला माणूस करू शकतो. मी कागद तयार केलाय. चार उमेदवारांना भेटले. चौघांनी चहा पाजला. सही एकानेही केली नाही."

"आनि आमच्या गावची भाविका?"

"तीच निवडून येणार असं सगळे म्हणतात. म्हणून तर तिची सही चारचौघांत हवी. रविवारी तुमच्याकडे तिचं हळदीकुंकू आहे. मला पाच मिनिटं देते म्हणालीय. मी बोलेन. तू नुसती मागे उभी राहा, तेवढाच मला धीर."

दमयंतीला हसू आलं. सिप्पोराबाईंना धीर लागतो हे तिला नवीनच होतं. कागदावर तीनच मागण्या होत्या: तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, जवळच्या केंद्रात मिळाव्यात, आणि नावाने पुकारू नये, नंबराने पुकारावं. तिसरी मागणी तिने दोनदा वाचली. कागदाची एक प्रत सिप्पोराबाईंनी तिच्या पिशवीत टाकली.

घरी आली तेव्हा सासरा ओट्यावर चिंबोऱ्या बांधत बसला होता. विठूचं वय पंचाहत्तरच्या पुढे, पण खाडीच्या उरल्यासुरल्या चिखलात तो अजून ओहोटी बघून उतरायचा. भरावाने निम्मी खाडी गिळली तरी त्याच्या पाट्या रिकाम्या येत नसत. चिंबोरीच्या नांग्या सुतळीने आवळणं हे बायकांचं काम. पण नऊ वर्षांपूर्वी एक चिंबोरी दमयंतीचं बोट फोडून गेली, ती रक्त बघून थिजली, तेव्हा म्हाताऱ्याने तिच्या हातातली सुतळी काढून घेतली होती. त्या दिवसापासून चिंबोऱ्या तोच बांधतो. का, ते तो बोलला नाही आणि तिने विचारलं नाही. त्याचा मुलगा गणू, तिचा नवरा, कशाने गेला असं कुणी विचारलं की तो "कावील" एवढंच म्हणायचा आणि विषय संपवायचा.

"जेवलीस?" विठूने विचारलं.

"नाय बाबा."

"मंग जेव. दात दुखतोय म्हने तुजा. कुमुद येऊन सांगून गेली."

दमयंती आत गेली.

शुक्रवारी संध्याकाळी सिप्पोराबाईंचा फोन आला. आवाज घाईचा होता.

"दमयंती, घोटाळा झालाय. रविवारी तिचे कुणी मोठे पुढारी येणार म्हणून हळदीकुंकू उद्यावर आणलंय. उद्या शनिवार. आमचा शब्बाथ. आता पंधरा मिनिटांत मी दिवा लावणार, मग उद्या चांदण्या दिसेपर्यंत गाडीत बसत नाही की फोनला हात लावत नाही. आईपासून पाळत आलेय मी हे. तू म्हणालीस तर मोडते. एकदा मोडलं म्हणून देव काही मला हाकलणार नाही."

दमयंतीच्या जिभेवर "या बाई" आलं होतं. पण आयुष्यभर ज्या बाईने एकही शनिवार मोडला नाही, तिला आपल्यासाठी मोडायला लावणं तिच्याच्याने होईना.

"नको बाई. मी देते कागद."

"नुसता दे. सगळ्या पेशंटांच्या वतीने सही मागायची, बस. तुझं नाव सांगायचं नाही. कुणी विचारलं तर कायदा आहे, सांगायला कुणी भाग पाडू शकत नाही. कळलं?"

"कललं."

प्रांजल कांदा चिरत सगळं ऐकत होती. एकोणीस वर्षांची पोर, तिच्या रक्तात काही नव्हतं, पण तिला सगळं माहीत होतं. "आई, तू जाऊ नको," ती म्हणाली. "भाविकाताईची नणंद माझ्या वर्गात आहे. उद्या संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलेजला कळेल."

"मी नाव कुठं सांगतेय माजं?"

"तोंडावर दिसतं तुझ्या. तुला खोटं बोलता येतं का?"

त्या रात्री दमयंतीला झोप लागली नाही आणि सकाळी भाकरी करपली.

हळदीकुंकू शाळेच्या पटांगणात होतं. मंडप भाविकाचा नव्हता, महिला मंडळाचा होता. वाणाचे स्टीलचे डबेही मंडळाचेच. आचारसंहिता होती ना! डब्यांवर चिकटवलेला फोटो खरवडून काढला होता, पण घाईत काढल्यामुळे बऱ्याच डब्यांवर भाविकाच्या सासऱ्याचं अर्धं कपाळ आणि एक डोळा शिल्लक होता. बायका तो डोळा नखाने खरवडत बसल्या होत्या.

विधवेला हळदीकुंकवाला जागा नसते. दमयंती नवरा गेल्यापासून अशा ठिकाणी मंडपामागे चहा ओतायला जायची, आजही तिथेच होती. कागद ब्लाउजमध्ये घामाने ओला झाला होता. मनात म्हणत होती, कार्यक्रम संपला की भाविकाच्या गाडीशी जाऊन हळूच देऊ. सही चारचौघांत नाही झाली तर नाही झाली.

पण भाविका शिकलेली होती. माइकवर म्हणाली, "माझ्या एकल भगिनी मागे का? त्यांनाही पुढे बोलवा. मी जुन्या रूढी मानत नाही." तिच्या दिराने लगेच मोबाईल वर धरला. दोघी-तिघींनी दमयंतीला दंडाला धरून पुढे आणलं. भाविकाने ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि तिच्या कपाळावर टेकवलं. नऊ वर्षांनी तिथे कुंकू लागलं. समोरच्या बायका पदराशी चाळा करत खाली बघू लागल्या, आणि दमयंतीला आपण जत्रेतल्या खेळण्यासारख्या उभ्या आहोत असं झालं. तिला त्या पोरीचा राग आला. त्या रागानेच तिने ब्लाउजमधला कागद काढला.

"बोला ताई, काही अडचण?" माइक तिच्या तोंडापुढे आला.

"आमच्या आरोग्य केंद्रात गोल्या नाय भेटत," दमयंती म्हणाली. आपला आवाज भोंग्यातून परत आला तशी ती दचकली. "एचआयव्हीच्या. लोकाना दर दहा दिसांनी लांब जावं लागतं. रोज बुडतो. एक दिस गोली चुकली तर मानसाचं नुसकान व्हतं. तीन मयन्यांच्या एकदम भेटाव्या. हितंच भेटाव्या. असं लिवलंय. तुमी सही करा."

डबे खरवडायचा आवाज थांबला.

भाविका गोंधळली, पण क्षणभरच. मग तिचा चेहरा खुलला. तिच्या घरात तीस वर्षं राजकारण चालत होतं ते असंच: कुणाच्या पोराला दाखला हवा, कुणाच्या बापाला खाट हवी, सासरा फोन फिरवायचा आणि काम व्हायचं. काम म्हणजे एका माणसाचं काम, आणि माणूस म्हटला की नाव आलंच.

"अगं एवढंच ना? कागद कशाला?" ती मायेने म्हणाली आणि पर्समधून फोन काढला. "डॉक्टर आपलेच आहेत. मी आत्ता तुमच्यासमोर लावते. नाव सांगा, कोण आहे आपल्या गावात? उद्या गोळ्या घरपोच."

"एकाचं नाय ताई. सगल्यांचं हाय."

"हो, पण सुरुवात एकापासून करू ना. लाजायचं काय त्यात? नाव सांगा. डॉक्टर विचारतील ना मला, कुणासाठी म्हणून."

फोनची रिंग भोंग्यातून ऐकू यायला लागली. आणि खुर्च्यांवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दमयंतीला त्यांच्या डोळ्यांतली मोजणी दिसत होती. कोण बारीक झालंय, कोणाला खोकला आहे, कोणाचा नवरा ट्रकवर असतो. ती मोजणी फिरत फिरत दुसऱ्या रांगेत येऊन थांबली. तिथे सुमती बसली होती. लग्न होऊन वर्ष झालेली, कोन गावची पोर, गेले तीन महिने काविळीसारखी पिवळी पडलेली. कुणीतरी मागून पुटपुटलं, "तरीच." सुमतीच्या शेजारणीने आपला पदर गोळा केला आणि खुर्ची वीतभर सरकवली.

सुमतीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती नुसती मान हलवत राहिली, नाय, नाय. जितकी मान हलवत होती तितकं बायकांना पटत चाललं होतं.

सिप्पोराबाईंनी बजावलं होतं, नाव सांगायचं नाही. प्रांजलने बजावलं होतं. दमयंती गप्प राहिली असती तर वाचली असती, आणि त्या पोरीला संध्याकाळपर्यंत सासरच्यांनी माहेरी, कोनला नेऊन टाकलं असतं.

"तिला काय नाय," दमयंती माइकमध्ये म्हणाली. "मना हाय. दमयंती गणू कोली. नऊ वरसं झाली."

पलीकडून फोनवर डॉक्टर "हॅलो, हॅलो" म्हणत होते. भाविकाने फोन बंद केला. तिचं कुंकवाचं बोट अजून वर होतं. ते तिने हळूच, कुणाला दिसू नये असं, रुमालाला पुसलं. दमयंतीला दिसलं. दिराने मोबाईल खाली घेतला.

"आता लावा फोन," दमयंती म्हणाली. "नायतर सही करा."

तिने कागदाबरोबर आपलं पेन पुढे केलं. भाविकाने कागद कोपऱ्याला धरून घेतला आणि दिराकडे हात पसरून दुसरं पेन मागितलं. पण सही केली. अडीचशे बायकांसमोर न करून सांगते कुणाला! दमयंती कागद घेऊन मंडपातून निघाली तेव्हा खुर्च्यांमधली वाट आपोआप रुंद होत गेली. चहाची किटली मागे तशीच राहिली.

रविवारी बाजार सगळ्यात मोठा. दमयंतीने पाट्या मांडल्या, वाटे लावले. कोलंबी अशी ताजी की अजून उडत होती. पहिलं गिऱ्हाईक आलं, थांबलं, पलीकडच्या बाईने त्याला डोळ्याने काही सांगितलं, ते पुढे गेलं. मग दुसरं. नऊ वाजले, दहा वाजले. ती पाणी मारत राहिली. कुमुदची पाटी रोजच्या जागेवर नव्हती. दोन हात अंतर सोडून होती. त्या दोन हातांत कुणी बसलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला कुमुदचे सगळे वाटे संपले. ती उठली, पुन्हा बसली.

"मना सांगाया पायजे व्हतं तू," ती पाटीकडे बघत म्हणाली.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

कुमुदने रिकामी पाटी उलटी करून झटकली. "ठाव नाय," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरून आले. "तुजा यार असता तर बरं झालं असतं गो."

ती गेली. दमयंतीला रडू आलं नाही, फक्त फार थकवा आला. एक वाजता तिने सगळी कोलंबी पाटीत परत भरली. एक वाटाही गेला नव्हता.

घरी प्रांजल दाराकडे पाठ करून बसली होती, डोळे सुजलेले. कॉलेजच्या मैत्रिणींबद्दल विचारायचा दमयंतीला धीर झाला नाही. विठूने पाटी बघितली. त्याने कोलंबी सोलायला घेतली, स्वतःच कालवण टाकलं, आणि तिघांना वाढलं. दमयंतीच्या ताटातली भाकरी त्याने हाताने मोडून चुरली, लहानपणी गणूला चुरून द्यायचा तशी.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "कागद कुठं हाय?"

तिने काढून दिला. त्याने तो लांब धरून बघितला.

"ही तिची सही?"

"हो बाबा. त्येवडं काम झालं."

"मंग खाली जागा कशाला सोडलीय?"

"गावातल्या सह्यांसाठी. सिप्पोराबाई बोलल्या, पाच-धा भेटल्या तर जोर येईल. पन कोन नाय करनार आता."

म्हातारा उठला. मोरीवर जाऊन त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, धोतराला पुसले. मग मांडी घालून बसला आणि पेन मुठीत धरून एकेक अक्षर कोरत गेला. साक्षरतेच्या वर्गात शिकला होता तेवढंच त्याला येत होतं, विठू हे दोन अक्षरांचं नाव. ते लिहायला त्याला बराच वेळ लागला. ऊकाराची शेपटी रेघेच्या खाली गेली.

"प्रांजल, हिकडं ये," तो म्हणाला. "याच्याम्होरं तू लिव. गणूचा बाप."

प्रांजलने डोळे पुसले आणि लिहिलं.

"आनि लिव, गणूला कावील नवती."

प्रांजलचं पेन थांबलं. तिने आईकडे बघितलं. बाहेर गल्लीत चारजणी नळावर उभ्या होत्या आणि दार उघडंच होतं.

"लिव," विठू म्हणाला. "याच आजारानं गेला, आनि मी त्याला गोल्या आनाया कंदी जाऊ दिलं नाय. लोक काय बोलतील म्हून. लिव सगलं."

प्रांजलने लिहिलं. मग म्हाताऱ्याने तिला ते मोठ्याने वाचायला लावलं.